स्थानिक बधिरके आणि चेताजन्य वेदना : प्राण्यांवरील चाचण्यांचा अर्थ

प्रस्तावना

दात काढण्यापूर्वी हिरडीत दिलेल्या इंजेक्शनाने ओठ जड होतो, जीभ परकी वाटू लागते आणि काही वेळ त्या भागातील वेदना थांबते. स्थानिक बधिरकाचा हा अनुभव बहुतेकांना असतो. येथे वेदनेचे कारण हिरडीत असते आणि तिची वार्ता मेंदूकडे नेणारी चेता मात्र निरोगी असते. ज्या वेदनेत खुद्द चेतेलाच इजा झालेली असते, तिचे स्वरूप याहून वेगळे आहे. नागीण बरी झाल्यावरही त्या जागी महिनोन्महिने होणारी आग, जुन्या मधुमेहात तळपायांना जाणवणारी जळजळ, कापून टाकलेल्या पायाच्या नसलेल्या बोटांत उठणारी कळ ही या प्रकाराची परिचित उदाहरणे होत. अशा वेदनेस चेताजन्य वेदना म्हणतात. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा तिच्यावर फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे स्थानिक बधिरके तिच्यावर उपयोगी पडतील काय, या प्रश्नाचा अभ्यास गेली काही दशके मुख्यतः उंदरांवर होत आला आहे.

या अभ्यासात एक मूलभूत अडचण आहे. वेदना ही अनुभवणाऱ्याने सांगण्याची गोष्ट आहे आणि उंदीर ती सांगू शकत नाही. संशोधक पाहतो ती त्याच्या पायाची हालचाल, आणि तिच्यावरून तो वेदनेचे अनुमान काढतो. बधिरकांच्या बाबतीत हे अनुमान विशेष निसरडे ठरते, कारण बधिरक वेदनेबरोबर स्पर्श आणि हालचालही थांबवू शकते. प्रस्तुत लेखात या चाचण्या कशा केल्या जातात आणि त्यांच्या निष्कर्षांवर कितपत विसंबावे, याचे विवेचन केले आहे. हा विषय केवळ औषधनिर्माणशास्त्राच्या अध्यापकांपुरता मर्यादित नाही. प्राण्यांवरील प्रयोगांना मान्यता देणाऱ्या संस्थांतर्गत समितीत वैज्ञानिकेतर सदस्यासही नियमानुसार स्थान आहे, आणि भाषा वा समाजशास्त्राच्या अध्यापकावरही असा प्रस्ताव वाचण्याची वेळ येऊ शकते.

पहिली चाचणी

स्थानिक बधिरकांचा इतिहास प्राण्यांवरील प्रयोगापासूनच सुरू होतो. १८८४ मध्ये व्हिएन्ना येथे कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने गार्टनर या सहकाऱ्याच्या उपस्थितीत बेडकाच्या एका डोळ्यात कोकेनच्या द्रावणाचे थेंब टाकले. थोड्याच वेळात त्या डोळ्याच्या बुबुळाला स्पर्श केला तरी बेडूक हलेना. दुसऱ्या डोळ्याला स्पर्श करताच मात्र तो नेहमीप्रमाणे प्रतिक्रिया देई. हा प्रयोग पुढे ससा व कुत्रा यांच्यावर करण्यात आला आणि नंतर दोघांनी ते द्रावण स्वतःच्या डोळ्यांत घालून टाचणीच्या डोक्याने बुबुळास स्पर्श करून पाहिला. त्याच वर्षी १५ सप्टेंबर रोजी हायडेलबर्ग येथील नेत्रतज्ज्ञांच्या सभेत हा शोध जाहीर झाला. प्रवासखर्च परवडत नसल्याने कोलर स्वतः तेथे जाऊ शकला नाही. त्याचा निबंध दुसऱ्याने वाचून दाखविला.

या साध्या प्रयोगात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. बेडकाचा दुसरा डोळा तुलनेसाठी मोकळा ठेवला होता, म्हणजे आजच्या भाषेत तो 'नियंत्रण' होता. तसेच शेवटचा पुरावा बेडकाकडून आलेला नाही. 'काहीच जाणवत नाही' असे माणसाने सांगितल्यावरच बेडकाच्या निश्चलतेचा अर्थ पक्का झाला. पुढील शंभर वर्षांतील वेदनासंशोधनास या दुसऱ्या गोष्टीचा पुरेसा विसर पडला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

बधिरकाची क्रिया

चेतातंतूतून संदेश विद्युत आवेगाच्या रूपाने प्रवास करतो. तंतूच्या पटलावरील सोडियम वाहिन्या क्षणभर उघडतात, सोडियमचे आयन आत शिरतात आणि आवेग पुढे सरकतो. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूवरील प्रयोगांतून ही यंत्रणा स्पष्ट केली. लिडोकेन, बुपिव्हाकेन इत्यादी बधिरके या वाहिन्यांनाच अडवितात. लिडोकेन स्टॉकहोम येथे लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केले आणि १९४८ पासून ते 'झायलोकेन' या नावाने बाजारात आले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब पुढे लक्षात आली. बधिरकाचा रेणू मिटलेल्या वाहिनीपेक्षा उघडलेल्या किंवा नुकत्याच उघडून निष्क्रिय झालेल्या वाहिनीला अधिक घट्ट चिकटतो. हिल यांनी १९७७ मध्ये याची सैद्धांतिक मांडणी केली. जो तंतू पुनःपुन्हा आवेग सोडत असतो त्याच्या वाहिन्या सतत उघडझाप करीत असतात, म्हणून तो अल्प मात्रेनेही शांत होऊ शकतो. इजा झालेली चेता नेमकी अशी असते. कोणताही स्पर्श नसताना ती इजेच्या जागेवरून किंवा मेरुरज्जूजवळील चेतागंडातून आपणहून आवेग सोडू लागते.

देव्होर, वॉल आणि कॅटलन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांना शिरेतून लिडोकेन दिले असता हे आपणहून सुटणारे आवेग थांबले, परंतु चेतेची संदेशवहनाची क्षमता कायम राहिली. येथे मात्रांचे प्रमाण ध्यानात घेण्याजोगे आहे. चेतेभोवती टोचण्याच्या १ टक्का द्रावणात प्रत्येक मिलिलिटरमध्ये १०,००० मायक्रोग्रॅम लिडोकेन असते. शिरेतून दिलेल्या उपचारात रक्तातील प्रमाण मिलिलिटरमागे अवघे काही मायक्रोग्रॅम असते, आणि ते सुमारे ५ च्या पुढे गेल्यास विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. हजारो पटींनी सौम्य असलेली मात्रा आजारी तंतूस गप्प करते व निरोगी तंतूस धक्का लावीत नाही. बधिरके चेताजन्य वेदनेवर वापरून पाहण्यामागील मुख्य आशा ती हीच.

उंदरातील चेताजन्य वेदना

औषध तपासायचे तर आधी प्राण्यात तशी वेदना निर्माण करावी लागते. वॉल व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये उंदराच्या मागील पायाच्या चेता पूर्णपणे कापण्याचे प्रतिमान मांडले. असे उंदीर पुढे त्या पायाची बोटे कुरतडू लागतात. ही वेदनेची खूण मानावी, की पाय बधिर झाल्याने तो आपला न वाटल्याची खूण मानावी, यावर बराच वाद झाला.

गॅरी बेनेट आणि यी-क्वान शिए यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे वेगळी पद्धत वापरली. उंदराच्या मांडीतील सायटिक चेतेभोवती त्यांनी आतड्यापासून बनविलेल्या शस्त्रक्रियेच्या धाग्याचे चार सैल फास बांधले. धागा फुगतो, चेता सुजते आणि अंशतः दबते. दुसऱ्या दिवसापासूनच पाय उष्णतेला अति संवेदनशील झाल्याचे दिसले व ही स्थिती दोन महिन्यांहून अधिक टिकली. असे उंदीर चालताना तो पाय सांभाळून टाकतात, बसल्या जागी तो उचलून धरतात. नंतर किम व चुंग यांनी १९९२ मध्ये कमरेच्या मेरुचेता बांधण्याची, तर डेकोस्टर्ड व वूल्फ यांनी २००० मध्ये सायटिक चेतेच्या तीनपैकी दोन शाखा कापून एक राखण्याची पद्धत रूढ केली. या सर्वांत तुलनेसाठी 'लटकी शस्त्रक्रिया' केलेला गट असतो. त्यात चेता उघडी करतात, पण तिला हात न लावता जखम शिवून टाकतात.

पाय मागे घेणे म्हणजे काय?

वेदना मोजण्याची सर्वाधिक रूढ पद्धत फॉन फ्राय यांच्या नावाने ओळखली जाते. जाळीच्या तळाच्या पेटीत उंदीर ठेवून खालून त्याच्या तळपायाला नायलॉनचा केसासारखा तंतू टेकवितात. प्रत्येक तंतू ठराविक दाबाला वाकतो. निरोगी उंदीर साधारणतः १५ ग्रॅमपर्यंतचा दाब सहन करतो. चेतेला इजा झालेला उंदीर ४ ग्रॅमहून कमी दाबालाही पाय झटकन ओढून घेऊ लागला, तर साधा स्पर्शही त्याला वेदनादायक झाला असे मानतात. हारग्रीव्ह्ज यांच्या १९८८ च्या पद्धतीत काचेच्या तळाखालून उष्ण प्रकाशझोत सोडून उंदीर किती सेकंदांनी पाय हलवितो ते मोजतात. भाजू नये म्हणून ठराविक वेळेनंतर, बहुधा २० सेकंदांनी, झोत बंद करतात.

आता बधिरक दिल्यावर उंदराने पाय मागे घेतला नाही असे समजू. याचे तीन अर्थ संभवतात. वेदना थांबली असेल. किंवा पाय पूर्ण बधिर होऊन स्पर्शच कळला नसेल. किंवा स्पर्श कळला, दुखलेही, पण स्नायूंकडे जाणारे तंतू अडविले गेल्याने पाय हलविता आला नसेल. नोंदवहीत तिन्हींची नोंद एकसारखीच होते, आकडा 'सुधारलेला' दिसतो. रुग्णाच्या दृष्टीने मात्र या तीन अवस्थांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जळजळ थांबविण्यासाठी पाय लुळा करून घेण्यास कोण तयार होईल?

म्हणून अशा चाचणीचा कस तिच्या नियंत्रणांवर लागतो. उंदराला फिरत्या दांड्यावर चालविणे किंवा उचलल्यावर तो पायाची बोटे फाकवितो की नाही हे पाहणे, यांतून हालचालीची शक्ती शाबूत असल्याची खात्री होते. इजा न झालेल्या दुसऱ्या पायाचा उंबरठाही मोजावा लागतो. औषधानंतर आजारी पाय १५ ग्रॅमवर आला आणि निरोगी पायाच्या प्रतिक्रियेतही बदल झाला नाही, तर वेदनाशमनाचा दावा बळकट होतो. चेतेजवळ टोचलेले औषध रक्तात मिसळून अन्यत्र काम करीत नाही ना, हे पाहण्यासाठी तीच मात्रा दुसऱ्या गटाला मानेच्या कातडीखाली द्यावी लागते. तंतू टेकविणाऱ्यास कोणत्या उंदराला काय दिले आहे हे ठाऊक नसावे, ही अट वरवर किरकोळ वाटते. परंतु 'पाय ओढला' की 'सहज हलविला' हा निर्णय क्षणार्धात व डोळ्यांनीच घ्यायचा असल्याने अपेक्षेचा प्रभाव येथे सहज शिरतो. प्रयोगकर्ता पुरुष असल्यास उंदीर व मूषक यांच्यात तणावामुळे वेदनेच्या प्रतिक्रिया काहीशा दबतात, असेही २०१४ च्या एका अभ्यासात आढळले आहे.

हालचाल आणि वेदना यांना वेगळे करण्याचा एक कल्पक प्रयत्न बिन्श्टोक, बीन व वूल्फ यांनी २००७ मध्ये केला. क्यूएक्स-३१४ हा लिडोकेनचा विद्युतभारित भाऊबंद पेशीपटलातून सहज आत जाऊ शकत नाही. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य केवळ वेदनावाहक तंतूंवरील विशिष्ट दारे उघडते. दोन्ही एकत्र दिल्यास बधिरक फक्त वेदनावाहक तंतूंत शिरावे, अशी ही योजना. उंदरांची वेदनेची प्रतिक्रिया तासन्‌तास दबली आणि ते व्यवस्थित चालतही राहिले. अर्थात कॅप्सेसिनने सुरुवातीला होणारी आग ही व्यवहारातील मोठीच अडचण आहे.

प्रतिक्षेपाच्या पलीकडे

सर्व नियंत्रणे पाळली तरी एक मूळ शंका उरते. पाय मागे घेणे हा प्रतिक्षेप आहे आणि त्याला मेंदूची गरज नसते. जुन्या पिढीतील प्राणिशास्त्राच्या अध्यापकांना मेंदू नष्ट केलेला बेडूक आम्लाचा स्पर्श होताच पाय आखडून घेतो, हे प्रात्यक्षिक आठवत असेल. (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१४ च्या अधिसूचनेनंतर अशी प्रात्यक्षिके इतिहासजमा झाली.) त्या बेडकाला 'दुखले' असे कोणी म्हणणार नाही. उलट रुग्णाची मुख्य तक्रार असते ती कोणी स्पर्श न करताही अखंड होणाऱ्या आगीची. ती फॉन फ्रायच्या तंतूने मोजता येत नाही.

तमारा किंग, पोरेका व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये यावर मार्ग सुचविला. दोन वेगळ्या रंगरूपाचे कप्पे असलेल्या पेटीत उंदराला एका कप्प्यात निष्क्रिय द्रावण व दुसऱ्यात औषध दिले जाते. नंतर त्याला मोकळे सोडल्यावर तो कोठे अधिक वेळ रमतो ते पाहतात. जे औषध एरवी सुखद नाही त्याचा कप्पा उंदराने पसंत केला, तर तेथे त्याला कशापासून तरी सुटका मिळाली असली पाहिजे. मेंदूच्या तळाशी असलेल्या मेड्युलाच्या एका विशिष्ट भागात लिडोकेन दिल्यावर चेतेला इजा झालेल्या उंदरांनी तो कप्पा निवडला; लटकी शस्त्रक्रिया झालेल्यांनी निवडला नाही. याहून बोलका निष्कर्ष दुसऱ्या द्रव्याचा आहे. मेरुरज्जूभोवती दिलेल्या अ‍ॅडिनोसिनने पायाचा उंबरठा सुधारला, तरीही उंदरांनी त्याच्या कप्प्याला पसंती दिली नाही. म्हणजे रूढ चाचणीत उत्तीर्ण झालेले द्रव्य उंदराच्या स्वतःच्या निवडीत अनुत्तीर्ण झाले. या एका निष्कर्षाने आधीच्या अनेक चाचण्यांकडे नव्याने पाहणे भाग पडते.

उंदराकडून माणसाकडे

शिरेतून दिलेल्या लिडोकेनची कथा येथे उद्बोधक आहे. चॅप्लान व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मेरुचेता बांधलेल्या उंदरांत दाखविले की औषध रक्तातून गेल्यानंतरही स्पर्शवेदना दीर्घकाळ कमी राहते. माणसांतील चाचण्यांत प्लासिबोच्या तुलनेत तात्पुरता लाभ दिसला. पण २०१९ मध्ये कॅनडातून प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत तुलनेसाठी सुस्ती आणणारे दुसरे औषध वापरण्यात आले, जेणेकरून आपल्याला खरे औषध मिळाले हे रुग्णाला ओळखता येऊ नये. त्या चाचणीत दीर्घकालीन लाभ आढळला नाही. याउलट ५ टक्के लिडोकेनची त्वचेवर लावायची पट्टी नागिणीनंतरच्या वेदनेसाठी अमेरिकेत १९९९ पासून मान्यताप्राप्त आहे.

दुसरे उदाहरण अवयवच्छेदनाचे. चेता कापण्यापूर्वी ती बधिर केल्यास उंदरांतील पुढील वेदनावर्तन घटते, असे सेल्टझर व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखविले होते. डेन्मार्कमध्ये १९८८ मध्ये २५ रुग्णांच्या छोट्या अभ्यासातही शस्त्रक्रियेपूर्वी पाठीतून भूल दिल्याने नसलेल्या पायातील वेदना कमी झाल्याचे दिसले होते. परंतु १९९७ मध्ये त्याच देशात ६० रुग्णांवर काटेकोर चाचणी झाली तेव्हा हा लाभ दिसला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे दोष केवळ मोजमापाचा नाही, प्रतिमानाचाही आहे. उंदराची चेता कापण्याच्या क्षणापर्यंत निरोगी असते, तर ज्याचा पाय कापावा लागतो तो रुग्ण बहुधा आधी आठवडेच्या आठवडे वेदना भोगून आलेला असतो.

प्राण्यांवरील चाचण्या निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ लावता येणार नाही. बुपिव्हाकेन चुकून रक्तवाहिनीत गेल्यास हृदय बंद पडू शकते आणि ते पुन्हा चालू करणे अत्यंत कठीण असते, याकडे अल्ब्राइट यांनी १९७९ मध्ये लक्ष वेधले. शिरेतून स्निग्ध द्रावण दिल्यास उंदीर अधिक मात्रा सहन करतात, हे वाइनबर्ग यांना १९९८ मध्ये आढळले. २००३ मध्ये त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केला. स्निग्ध द्रावण दिलेले सहाही वाचले, न दिलेल्या सहांपैकी एकही वाचला नाही. २००६ मध्ये याच उपायाने एका रुग्णाचे प्राण वाचल्याची नोंद झाली आणि आज बधिरकांच्या विषबाधेवर तो सर्वमान्य उपचार आहे. हृदय चालते की थांबते, हे ठरविण्यास अनुमानाची गरज पडत नाही. तेथे उंदराकडून माणसाकडे जाणारा रस्ता सरळ होता. सुरक्षिततेचे आणखी एक उदाहरण कालिचमन व कालकट यांच्या १९९२ च्या अभ्यासाचे. कृत्रिमरीत्या मधुमेह घडविलेल्या उंदरांत बधिरकामुळे चेतातंतूंची हानी अधिक होते, असे त्यांना आढळले. चेताजन्य वेदनेचे अनेक रुग्ण मधुमेहीच असल्याने निरोगी उंदरावर निर्धोक ठरलेली मात्रा त्यांना तशीच लागू करता येत नाही.

प्रस्ताव वाचताना

आपल्याकडे असे प्रयोग १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालील १९९८ चे नियम यांच्या चौकटीत होतात. पूर्वी सीपीसीएसईए व आता सीसीएसईए या नावाने ओळखली जाणारी केंद्रीय समिती यावर देखरेख ठेवते, आणि उंदरांसारख्या लहान प्राण्यांवरील प्रस्ताव संस्थेची प्राणिनीती समिती तपासते. समितीतील वैज्ञानिकेतर सदस्याने औषधाची रासायनिक रचना जाणण्याची अपेक्षा नाही. हालचालीची चाचणी प्रस्तावात आहे काय, लटक्या शस्त्रक्रियेचा गट आहे काय, मोजणाऱ्यापासून गट गुप्त ठेवले जाणार काय, आणि केवळ नरच का घेतले, हे प्रश्न मात्र तो विचारू शकतो. शेवटचा प्रश्न अगत्याचा आहे, कारण वेदनासंशोधन बहुतांशी नरांवर झाले आहे आणि मूषकांत नर व मादी यांच्या वेदनेत वेगवेगळ्या पेशी भाग घेतात, असे २०१५ मध्ये आढळून आले.

इतर प्रयोगांत प्राण्याला वेदनाशामक देता येते. येथे वेदना हाच अभ्यासविषय असल्याने शस्त्रक्रियेनंतर ते बहुधा दिले जात नाही. झिमरमन यांनी १९८३ मध्ये आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेसाठी मांडलेली मार्गदर्शक तत्त्वे अशा प्रयोगांत प्राण्याची वेदना आवश्यक तेवढीच तीव्र आणि आवश्यक तेवढाच काळ ठेवण्यास सांगतात. म्हणून किती दिवसांनी प्रयोग संपविणार आणि स्वतःची बोटे कुरतडू लागलेल्या उंदराला कोणत्या लक्षणाला प्रयोगातून काढणार, हे प्रस्तावात नेमक्या शब्दांत लिहिलेले असावे लागते.